मश्रूम कॉफीच्या आधीचा फणसांबा

आजच्या भागाचं हे लिखित रूप. ज्यांना बसमध्ये, दुकानात किंवा लायब्ररीत ऐकणं जमत नाही, त्यांच्यासाठी. बोलताना जसं बोलले तसंच बहुतेक ठेवलंय, थोडी काटछाट केलीय एवढंच.

गेले काही महिने माझ्या फोनवर एकाच प्रकारच्या रील येतायत. काचेचा कप, वाफ, मागे बासरी, आणि एक शांत आवाज सांगतो की ही साधी कॉफी नाही. यात रेशी आहे, चागा आहे, लायन्स मेन आहे, कॉर्डिसेप्स आहे. झोप सुधारते, अभ्यासात लक्ष लागतं, प्रतिकारशक्ती वाढते, शुगर कमी होते. आणि शेवटी ठरलेलं वाक्य: पाच हजार वर्षांचं प्राचीन ज्ञान, आता तुमच्या कपात.

आता मी पडले इतिहासवाली. "पाच हजार वर्षं" ऐकलं की माझे कान टवकारतात. कुणाचं ज्ञान? कुठे लिहिलंय? ते लोक खरंच रोज सकाळी हे पीत होते का? आणि मला सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न असा, की आपल्या मराठी मुलखात औषधी अळंबी नव्हती का? सगळं चीन-जपान-सैबेरियातूनच यायला पाहिजे का?

तर मंडळी, होती. तिला नाव होतं, मात्रा होती, ती उगाळायची पद्धत होती. त्या अळंबीपर्यंत आपण आज जाणार आहोत. वाटेत अजिंठ्याला थांबू, हकिमाच्या दवाखान्यातही डोकावू. आणि मग ठरवू की कॉफीच्या पाकिटाचं काय करायचं.

नावं आपलीच आहेत

आधी भाषा. मश्रूमला आपण काय म्हणतो? पुस्तकात अळंबी किंवा भूछत्र. कृषी विभागाच्या पत्रकात अळिंबी. गावात पोरं म्हणतात कुत्र्याची छत्री, आणि आजी ओरडते, "हात नको लावू!" पण विदर्भात जा. भंडारा-गोंदियाकडे पावसाळ्यात 'सात्या' निघाल्या की बाजारात झुंबड उडते. चंद्रपूर-गडचिरोलीकडे 'टेकोडे' हे नाव ऐकू येतं. गोव्यात वारुळावर येणाऱ्या अळमीसाठी लोक दरवर्षी वाट बघतात आणि वाट्टेल तो भाव देतात.

या वारुळावरच्या अळंबीची गंमत ऐका. तिची शेती वाळवी करते. वाळवी वारुळाच्या आत पाला-लाकूड चावून त्याचे मऊ गोळे बनवते, त्यावर ही बुरशी पोसते आणि तीच खाते. पहिल्या चांगल्या पावसानंतर त्या बुरशीची छत्री जमिनीवर येते आणि माणसाच्या ताटात जाते. अजूनही माणसाला तिची धंद्यापुरती लागवड जमलेली नाही. वाळवीला जमते, आपल्याला नाही!

म्हणजे पहिली गोष्ट लक्षात घ्या. अळंबी आपल्याकडे परकी नाही. पण ती मोसमी भाजी होती. चार दिवस आली, खाल्ली, संपली.

चरक, सुश्रुत आणि मनू काय म्हणतात

रीलमध्ये आणखी एक शब्द हमखास असतो: आयुर्वेद. तर बघू या ग्रंथात काय आहे ते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात खाण्यापिण्याच्या पदार्थांवर एक मोठा अध्याय आहे, सत्ताविसावा. त्यात भाज्यांच्या यादीत छत्र्यांचा उल्लेख येतो. चरकाचं म्हणणं थोडक्यात असं: सर्पछत्र नावाची जात वर्ज्य. बाकीच्या छत्र्या चवीला गोड, पण थंड आणि पचायला जड, आणि त्यांनी पीनस होतो. पीनस म्हणजे सर्दी-पडसं! जिच्या नावावर आज 'इम्युनिटी' विकतात, तिच्या जातभाईंबद्दल चरक सांगतोय की नाक गळेल.

सुश्रुत जास्त बारकाईने बघतो. तो अळंबीची वर्गवारी ती कशावर उगवली त्यावरून करतो: पेंढ्यावर, उसाच्या चोयट्यांवर, शेणावर, बांबूवर आणि जमिनीवर. प्रत्येकीचे गुण वेगळे. त्यात पेंढ्यावरच्या अळंबीला तो सगळ्यात चांगले गुण देतो. गोड, पचल्यावरही गोड, दोष शांत करणारी. बांबूवरची वात वाढवते. जमिनीवरची जड, आणि चव जमिनीवर अवलंबून.

हे मला फार भारी वाटतं. कारण आजचं शास्त्रही अळंबीबद्दल हेच सांगतं, की ती ज्याच्यावर वाढते त्यातलं बरंवाईट स्वतःत ओढून घेते. मातीत जड धातू असतील तर तेसुद्धा. म्हणून "कुठून आली?" हा प्रश्न आधी, "कशाला चांगली?" हा नंतर.

आणि मग मनू. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण, कांदा, गावठी डुक्कर, गावठी कोंबडा यांच्या रांगेत छत्राक बसवलंय. द्विजाने हे जाणूनबुजून खाल्लं तर तो पतित होतो, असं तिथं सांगितलंय. म्हणजे एकाच वस्तूकडे बघणाऱ्या दोन नजरा झाल्या. वैद्य विचारतो, कशावर उगवली, पचेल का? स्मृती विचारते, खाणारा कोण? काही घरांत अळंबी चुलीपर्यंत पोचलीच नाही, आणि जंगलाजवळच्या घरांत ती पावसाळ्याचा आनंद राहिली. त्यामुळे "आपल्या पूर्वजांचं ज्ञान" असं कुणी म्हटलं की विचारायला हवं, कुठल्या पूर्वजांचं? ज्यांना अळंबी ओळखता येत होती, त्या बायाबापड्यांनी ग्रंथ लिहिले नाहीत.

अजिंठ्याच्या सव्वीस नंबरच्या लेण्यात

आता आपल्या जिल्ह्यात या. छत्रपती संभाजीनगरपासून साधारण शंभर किलोमीटरवर अजिंठा. सव्वीस नंबरच्या लेण्यात शिरलात की डाव्या भिंतीला बुद्धाची आडवी मूर्ती आहे, सुमारे सात मीटर लांब. महापरिनिर्वाण. खाली शोक करणारे शिष्य. आपल्यापैकी कित्येकजण शाळेच्या सहलीत तिथं उभे राहिलो असू.

या प्रसंगाच्या आधी एक जेवण आहे. पाली भाषेतल्या महापरिनिब्बान सुत्तात ते येतं. पावा गावात चुंद नावाच्या धातुकाम करणाऱ्या माणसाने बुद्धांना जेवायला बोलावलं आणि 'सूकरमद्दव' नावाचा पदार्थ वाढला. बुद्धांनी सांगितलं की हे फक्त मला वाढ, उरलेलं जमिनीत पुरून टाक. त्यानंतर त्यांचं दुखणं बळावलं.

सूकरमद्दव म्हणजे काय, यावर दीड हजार वर्षं वाद आहे. शब्दात सूकर आहे, म्हणून काही म्हणतात डुकराचं मऊ मांस. पण जुन्या पाली टीकाकारांनीच दुसरी मतं नोंदवून ठेवलीत: डुकरांनी तुडवलेल्या जागी येणारे बांबूचे कोंब, किंवा तशाच जागी उगवणारी अळंबी. तिथं अळंबीला शब्द आहे अहिच्छत्तक, सापाची छत्री. चरकाचं सर्पछत्र आठवलं का? 1982 मध्ये आर. गॉर्डन वॉसन या अमेरिकन अभ्यासकाने एक लेख लिहून अळंबीची बाजू मांडली. हा गृहस्थ पेशाने बँकवाला, पण आयुष्यभर अळंबीच्या मागे लागलेला. त्याने सूकरमद्दवचं नातं संथाळ लोकांच्या 'पुटका' नावाच्या अळंबीशी जोडलं.

वाद सुटलेला नाही आणि आपण तो इथं सोडवणारही नाही. पण यातून एक गोष्ट दिसते. अळंबी हा त्या काळी एका कारागिराच्या घरी पाहुण्याला वाढण्याजोगा पदार्थ असू शकतो, असं जुन्या लोकांना सहज वाटत होतं. म्हणजे पुन्हा अन्नच. मग औषध कुठे आहे?

हकिमाचं गारिकून

औषध शोधायला आपल्या शहराच्या दुसऱ्या वारशाकडे जाऊ. 1610 मध्ये मलिक अंबरने वसवलेलं खडकी, मग औरंगाबाद, मग 1763 पर्यंत निजामाची राजधानी, आणि 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानाचा भाग. या संस्थानात युनानी वैद्यकाला राजाश्रय होता. हैदराबादला चारमिनारला लागून युनानी रुग्णालय आजही उभं आहे.

युनानी म्हणजे ग्रीक. आणि युनानी औषधांच्या यादीत एक नाव आहे: गारिकून. हे मूळ ग्रीक 'अगारिकॉन'. पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याने त्यावर लिहिलं, अरबी-फारसी हकिमांनी ते पुढे नेलं, आणि त्या परंपरेबरोबर ते हिंदुस्थानात आलं. हे गारिकून म्हणजे लार्च नावाच्या थंड प्रदेशातल्या झाडावर वाढणारी पांढरी, खडूसारखी ठिसूळ, भयंकर कडू अळंबी. आपल्या मराठी मुलखात लार्च नाही, म्हणून माल बाहेरूनच यायचा. हकीम ते कफ आणि चिकट दोष काढायला, जुलाब म्हणून द्यायचे. थोडं, मोजून, इतर औषधांबरोबर.

कडू जुलाबाचं औषध कुणी रोज चहात घालून पिणार नाही, हे तुम्हीच मान्य कराल! आज ती जात जगात दुर्मिळ होत चाललीय, तिची मूळ जंगलं तुटली म्हणून.

आणि आता फणसांबा

आता येऊ आपल्या मातीतल्या औषधाकडे. कोकणात, गोव्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात फणसाच्या जुन्या झाडाच्या खोडावर एक कडक, लाकडासारखी, गडद तपकिरी अळंबी येते. छत्री नाही, दांडा नाही. भिंतीला फळी ठोकावी तशी ती खोडाला चिकटलेली असते आणि वर्षानुवर्षं हळूहळू वाढते. तिला म्हणतात फणसांबा. जुन्या नोंदीत फणसअळंबे.

ही नोंद कुणी केली? विल्यम डायमॉक हा मुंबईत सरकारी औषध भांडाराचा अधिकारी होता. त्याने वॉर्डन आणि हूपर यांच्यासोबत 'फार्माकोग्राफिया इंडिका' हा मोठा ग्रंथ 1890 ते 1893 या काळात तीन खंडांत काढला. मुंबई बाजारातल्या औषधी वस्तू, त्यांची देशी नावं, लोक त्या कशाला वापरतात, हे सगळं या माणसाने टिपलं. त्या काळच्या अशा नोंदींत फणसअळंब्याचा वापर स्पष्ट आहे: पाण्यात उगाळून लेप करायचा, तोंडाला फार लाळ सुटत असेल तर हिरड्यांना लावायचा, लहान मुलांचं तोंड आलं असेल तर लावायचा, आणि हगवण-अतिसारात पोटात द्यायचा.

शंभर वर्षांनी, 1993 मध्ये, पुणे विद्यापीठातल्या जे. जी. वैद्य आणि ए. एस. राब्बा यांनी 'द मायकॉलॉजिस्ट' या ब्रिटिश नियतकालिकात लोकवैद्यकातल्या अळंब्यांवर लेख लिहिला. त्यात फणसांबा होता. लोक तो तेव्हाही वापरत होते. शास्त्रज्ञांनी तपासलं तर फणसांबा या एका नावाखाली फेलिनस गटातल्या एकाहून जास्त जाती चालतात असं पुढे आलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, परत लागणार आहे.

मी गुलमंडीकडच्या एका काष्ठौषधीच्या दुकानात जाऊन विचारलं. मराठवाड्यात फणस कुठला? तरी म्हटलं बघू. दुकानातले काका म्हणाले, "पोरी, हे नाव घेऊन आता कोण येतं? पूर्वी कोकणातून बदलीवर आलेली माणसं मागायची." आणि मग त्यांनीच मला विचारलं, "कुणाचं तोंड आलंय? किती वर्षांचं लेकरू आहे?"

हा प्रश्न ऐकला आणि मला इतक्या दिवसांचा गुंता सुटल्यासारखा वाटला. बघा, औषध मागितलं की जुना माणूस दोन गोष्टी विचारतो: काय झालंय आणि कुणाला झालंय. बाळगुटी आठवा. सहाणेवर हिरडा, वेखंड, जायफळ उगाळतात, आणि मात्रा कशी मोजतात? वेढ्यांत. याचे दोन वेढे, त्याचा एक, जायफळाचा अर्धाच, नाहीतर बाळ झोपून राहील. बाळाचं वय, दिवस थंड की गरम, पोट कसं आहे, हे बघून आजी वेढे कमी-जास्त करते. फणसांबाही त्याच सहाणेवरचा. बरं वाटलं की सहाण धुवून ठेवायची.

तर माझ्या मते आपल्या परंपरेचं सार हे आहे. अळंबीचे दोन रस्ते होते. एक चुलीचा: मोसमात या, पोटभर खा. दुसरा सहाणेचा: दुखणं आलं तर, मोजून, थांबायचं केव्हा हे ठरवून. हे दोन रस्ते एकमेकांत मिसळत नव्हते. "काहीही झालेलं नसताना, रोज, सगळ्यासाठी" हा तिसरा रस्ता ना चरकाचा, ना हकिमाचा, ना आजीचा. तो नवा आहे.

मग कॉफीत आली कुठून?

आता परदेशातली जुनी गोष्ट बघू. 1991 मध्ये आल्प्स पर्वतात बर्फात एका माणसाचं शव सापडलं, सुमारे 5300 वर्षांपूर्वीचं. त्याला ओत्झी म्हणतात. त्याच्याजवळ बर्च झाडावरच्या अळंबीचे दोन तुकडे कातड्याच्या पट्टीत ओवलेले होते. अभ्यासकांचा अंदाज, औषध असावं. म्हणजे पाच हजार वर्षांचा पुरावा आहे, पण तो कपाचा नाही, ओवलेल्या तुकड्यांचा आहे. चीनच्या जुन्या औषधग्रंथात रेशीच्या गटाचे सहा रंग सांगितलेत. तो ग्रंथ साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा.

कॉफीचा धागा मात्र फिनलंडमध्ये सापडतो. दुसऱ्या महायुद्धात कॉफीची आयात आटली, तेव्हा तिथले लोक बर्चवरचा काळा चागा उकळून प्यायले. हौस म्हणून नाही, तुटवड्यामुळे. युद्ध संपलं, कॉफी आली, लोक परत कॉफीकडे वळले. पुढे 2012 मध्ये एका फिनिश तरुणाने मश्रूम कॉफीची कंपनी काढली, आणि तुटवड्याचं पेय महागड्या पाकिटात शिरलं.

मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या. जपानने अळंबीतून काढलेल्या पदार्थांना कर्करोगाच्या उपचारात पूरक औषध म्हणून मान्यता दिली: 1977 मध्ये क्रेस्टिन, 1985 च्या सुमारास शिटाकेतलं लेन्टिनन. पण ते दवाखान्यात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, केमोथेरपीच्या जोडीने. दुसरी गोष्ट 1993 ची. चीनच्या धावपटू मुलींनी जागतिक विक्रमांचा धुव्वा उडवला. वांग जुनशियाने दहा हजार मीटर 29 मिनिटं 31.78 सेकंदांत पार केले. प्रशिक्षकांनी श्रेय दिलं कासवाच्या रक्ताला आणि हिमालयातल्या 'कीडा जडी'ला, म्हणजे कॉर्डिसेप्सला. जगभर मागणी वाढली. 2016 मध्ये त्या खेळाडूंच्या सह्यांचं जुनं पत्र प्रसिद्ध झालं, त्यात जबरदस्तीने उत्तेजक द्रव्यं दिल्याचा मजकूर होता. पण तोवर कॉर्डिसेप्सचं नाव झालं होतं.

एका श्रोत्याचा मेसेज

मागच्या भागानंतर वाळूज एमआयडीसीत नोकरीला लागलेल्या एका मित्राचा मेसेज आला. लिहितो, "ताई, आईला शुगर आहे, रक्त पातळ व्हायची गोळी पण चालू आहे. पहिल्या पगारातून तिच्यासाठी रेशीची कॉफी घ्यायचा विचार आहे. देऊ का?"

या मेसेजमुळेच मी हा भाग इतका सविस्तर केला. कारण पहिल्या पगाराची माया आहे त्यात. आणि त्याची आई "लेकाने आणलं" म्हणून न चुकता पिणार. दादा, माझं उत्तर असं: डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नको. कारणं सांगते.

एक. रेशीने रक्त गोठण्यावर आणि साखरेवर परिणाम होण्याची शक्यता नोंदवलेली आहे. रक्त पातळ करणारी गोळी, शुगरची गोळी आणि वर हे, म्हणजे तीन माणसं एकाच दोरीला ओढतायत. दोरी कुठे जाईल ते सांगता येत नाही.

दोन. शुगरसाठी म्हणशील तर 2015 मध्ये कोक्रेन या संस्थेने रेशीवरच्या पाच चाचण्या एकत्र तपासल्या, मिळून जवळजवळ चारशे माणसं. टाइप 2 मधुमेह असलेल्यांत हृदयविकाराचा धोका कमी करायला रेशी वापरावी, असं त्या पुराव्यावरून म्हणता येत नाही, हा निष्कर्ष निघाला.

तीन, चागा. 2014 मध्ये जपानी डॉक्टरांनी एक केस लिहिली. 72 वर्षांची बाई रोज चार-पाच चमचे चागा पावडर सहा महिने घेत होती. किडनी निकामी झाली. चागात ऑक्झलेट भरपूर असतं, आणि मुतखडे बहुतेक ऑक्झलेटचेच असतात. आपल्या मराठवाड्यात ऊन किती, घाम किती, आणि घरटी एकाला तरी मुतखडा! ज्याला खडा होऊन गेलाय त्याने चागाच्या वाटेला जाऊच नये.

चार. पाकिटात नक्की काय आहे? फणसांब्याच्या नावाखाली अनेक जाती निघाल्या हे लक्षात ठेवा म्हटलं होतं ना? 2017 मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या रेशीच्या 19 नमुन्यांची तपासणी झाली. लेबलप्रमाणे खरे उतरले फक्त 5. काष्ठौषधीच्या दुकानात निदान तुकडा हातात घेऊन बघता येतो. पावडरीला तोंड नसतं.

आणि न्यायाने बोलायचं तर दुसरी बाजूही सांगते. लायन्स मेनवर 2009 मध्ये जपानमध्ये छोटी चाचणी झाली होती. विसरभोळेपणा सुरू झालेले 50 ते 80 वयाचे तीसेक लोक, रोज 3 ग्रॅम, 16 आठवडे. त्यांचे गुण सुधारले. बंद केल्यावर चार आठवड्यांत परत घसरले. म्हणजे आशा आहे, अभ्यास व्हायला पाहिजे. पण परीक्षेच्या आदल्या रात्री एक कप घेणाऱ्या विशीतल्या पोरावर ही चाचणी झालेली नाही. लेबलवर किती मिलिग्रॅम लिहिलंय ते बघा आणि 3 ग्रॅमशी ताडून बघा.

मग रोजच्या खाण्यात काय?

"ताई, तुम्ही तर सगळंच बंद केलं!" नाही हो. चुलीचा रस्ता मोकळाच आहे.

सुश्रुताने पेंढ्यावरच्या अळंबीला पसंती दिली होती. आज पेंढ्यावर काय पिकतं? धिंगरी! इंग्रजीत ऑयस्टर म्हणतात ती. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीचा संशोधन प्रकल्प आहे, तिथं लागवडीचं प्रशिक्षण मिळतं. आपल्याकडे सोयाबीनचं काड ढीगभर निघतं, लोक पेटवून देतात. त्याच काडावर धिंगरी उत्तम येते. आणि कुठे वाढली हे तुम्हाला माहीत असतं.

घरी आणली की कच्ची खाऊ नका, अळंबीचं आवरण कडक असतं, शिजवल्यावर पचायला सोपं जातं. कांदा-लसूण परतून, काळा मसाला घालून रस्सा करा, भाकरीबरोबर खा. प्रथिनं मिळतात, तंतुमय पदार्थ मिळतात. आणखी एक युक्ती. शिजवण्याआधी धिंगरी चिरून, पोटाकडची रेषांची बाजू वर करून, दुपारच्या उन्हात थोडा वेळ ठेवा. उन्हाने अळंबीत ड जीवनसत्त्व तयार होतं, हे प्रयोगांत दिसलंय. आणि ऊन काय, संभाजीनगरला फुकटच मिळतं!

तरी कुणाला कॉफी चाखून बघायचीच असेल, धडधाकट असाल, गोळ्या चालू नसतील, तर चव म्हणून बघा. पाकिटावर ते वाक्य शोधा. 2016 च्या नियमांप्रमाणे आरोग्यपूरक पदार्थांच्या लेबलवर 'औषधी वापरासाठी नाही' असं लिहावं लागतं. रील ओरडून सांगते औषध, लेबल बारीक अक्षरात सांगतं औषध नाही. दोघांतलं लेबल कायद्याला बांधलेलं आहे.

आणि जंगलातली किंवा अंगणातली अळंबी फोटो बघून, ॲपवर ओळखून खाऊ नका. विषारी आणि खायची यांत फरक एखाद्या कड्याचा, एखाद्या रंगाचा असतो. सात्या ओळखणारी बाई पन्नास पावसाळे त्याच वारुळांवर फिरलेली असते. तिची नजर फोनमध्ये येत नाही.

जाता जाता तुम्हाला एक काम देते. ज्यांचं मूळ गाव कोकणात, गोव्यात, विदर्भात आहे, त्यांनी घरच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला फोन लावा. विचारा: पावसात कुठली अळंबी खायचात, तिला काय म्हणायचात, फणसांबा कधी उगाळला होता का, कुणाला, किती वेढे? फोन रेकॉर्डवर ठेवा. फणसाचं जुनं झाड तुटलं की फणसांबा जातो, आणि ते म्हातारं माणूस गेलं की "किती वेढे" हेही जातं. डायमॉकने एकशे तीस वर्षांपूर्वी मुंबईच्या बाजारात वही घेऊन जे केलं, ते तुमच्या खिशातल्या फोनवर दहा मिनिटांत होतं.

रेकॉर्डिंग मला पाठवा, नाव न घेता आपण ती ऐकवू. पुढच्या भागात भेटूच. तोवर नीट जेवा, वेळेवर झोपा, आणि अभ्यासात लक्ष लागत नसेल तर आधी रील बंद करून बघा!